एक ‘ए’ दाबला त्याची गोष्ट

डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टंकून चालवायची संगणक प्रणाली. तिच्या ६.२ आवृत्तीपासून कॉपी कमांडला एक शहाणपण आलं होतं. त्याच नावाची फाईल आधीच असेल तर ती थांबून विचारते: हिच्यावर लिहू का? होय, नाही, की सगळ्यांवरच? मी ‘ए’ दाबला. ए म्हणजे ऑल, सगळ्यांवरच.

समोर माझाच जुना ४८६ प्रोसेसरचा संगणक होता. डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी मेमरी, २१२ एमबीची डिस्क, त्यावर डॉस ६.२२ आणि विंडोज ३.१. जवळपास वीस वर्षं खोक्यात पडून होता. त्यावर मी क्लिपर या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला पुस्तकांच्या नोंदींचा एक प्रोग्राम होता. तो एकदा, त्याच पडद्यावर, चालताना बघायचा एवढीच इच्छा होती.

सुरुवात खरं तर फारच चांगली झाली होती. बोर्डावर डाग मारून बसवलेली पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिच्याभोवती हिरवट थर जमला होता. ती कापून काढली, जागा पुसली आणि बाहेरच्या बॅटरीसाठी दिलेल्या पिनांना नवा सेल जोडला. बॅटरी मेली की बायोस, म्हणजे बोर्डावरचा मशीन उठवणारा प्रोग्राम, तारीख विसरतं तशी डिस्कची मापंही विसरतं. ती डिस्कच्या लेबलावर छापलेली होती: ९८९ सिलिंडर, १२ हेड, ३५ सेक्टर. गुणाकार करून एका सेक्टरच्या ५१२ बाइटांनी गुणलं की २१२ एमबी येतात, म्हणजे लेबल याच डिस्कचं. आकडे भरले, मशीन सुरू केलं आणि ओळींमागून ओळी सरकत सगळं जागच्या जागी उठून उभं राहिलं. माऊस, सीडी, साउंड कार्ड, सगळं. आनंदाच्या भरात मी मोबाईलवर पडद्याचा एक फोटो काढला. तो फोटो पुढे कामाला येणार होता; त्या क्षणी तो नुसता मिरवायला होता.

त्याच क्षणी कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या, मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन छोट्या फाईली फ्लॉपीवर उतरवून घ्यायला मिनिटभरही लागलं नसतं. ते केलं नाही. त्याऐवजी विंडोज ९८ ची बूट फ्लॉपी घातली, कारण तिच्यावरची दोन-चार साधनं हवी होती. टेम्प नावाची डिरेक्टरी केली. तिच्यात शिरायचं मात्र राहिलं. सी: च्या मुळातच, म्हणजे डिस्कच्या सगळ्यांत वरच्या डिरेक्टरीत, उभा राहून ‘कॉपी ए:*.*’ दिलं, आणि प्रश्न आला तेव्हा सगळ्यांवरच म्हणालो.

पुढच्या बूटला ४८६ वर विंडोज ९८ चा मेनू आला. सीडीसह सुरू करायचं की सीडीशिवाय, असं विचारणारा. मी कपाळाला हात लावला. त्यानंतर मशीनमध्ये कधीच नसलेली स्कझी कार्डं (डिस्क वगैरे जोडायची) शोधणारे ड्रायव्हर एकेक करून निराश होत गेले आणि शेवटी डॉसची आवृत्ती चुकीची असल्याची तक्रार आली. कमांड इंटरप्रिटर (टंकलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) खराब आहे किंवा सापडत नाही, त्याचं बरोबर नाव टंका, असं सांगून ठिपका लुकलुकत राहिला.

इथे थोडं थांबून हे मशीन उठतं कसं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बायोस स्वतःची तपासणी करून डिस्कचा पहिला सेक्टर वाचतं. तो पुढच्या बूट सेक्टरला हाक मारतो, तो आयओ.सिसला उठवतो, मग एमएसडॉस.सिस. इथवर सगळं ठरलेलं, तुमच्या-माझ्या हातात काही नाही. त्यानंतर कॉन्फिग.सिस वाचली जाते: मेमरी कशी वाटायची, कुठले ड्रायव्हर चढवायचे, एका वेळी किती फाईली उघडता येतील. मग कमांड.कॉम, म्हणजे तोच कमांड इंटरप्रिटर, येतं आणि ते ऑटोएक्झेक.बॅट चालवतं. या शेवटच्या तीन फाईली साध्या, उघड्या, सी: च्या मुळाशी पडलेल्या असतात. आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस लपवलेल्या असतात आणि कॉपीचं *.* लपवलेल्या फाईलींना हात लावत नाही. म्हणून माझा पाया वाचला आणि वरचं घर गेलं. कमांड.कॉम तर विंडोज ९८ चं, म्हणजे डॉस ७.१ चं, येऊन बसलं होतं. त्याला ६.२२ चा पाया दिसल्यावर ते काम करायला नकार देणारच.

कमांड.कॉमचा प्रश्न सोपा होता. डॉसच्या डिरेक्टरीत त्याची आणखी एक प्रत असते. लुकलुकणाऱ्या ठिपक्यापुढे ‘सी:\डॉस\कमांड.कॉम’ एवढं टंकलं आणि प्रॉम्प्ट मिळाला. यात डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, आणि हे महत्त्वाचं. हात शिवशिवत होते. एडिट उघडून आठवेल तसं दोन्ही फाईलींत लिहून काढावं असं वाटत होतं. तसं केलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. हरवलेल्या मजकुरावर नवा मजकूर जाऊन बसू नये म्हणून डिस्कवर एक अक्षरही न लिहिणं, एवढाच नियम पहिल्या दिवशी पाळला. बाकीचे नियम मोडून झालेच होते.

आधी नुसतं बघायला सुरुवात केली. ‘डिर सी:\ऑटोएक्झेक.* /एस’, मग कॉन्फिगसाठी तेच. त्या काळातले इन्स्टॉलर या दोन फाईलींत बिनधास्त हात घालायचे, पण बहुतेक जण जाताना जुनी प्रत ठेवून जायचे. बॅक, ओल्ड, शून्य-शून्य-एक अशा आडनावांची भावंडं सापडली. मेमरीची मांडणी लावून देणारा मेममेकर मूळ फाईली यूएमबी या नावाने ठेवतो, त्या होत्या. विंडोज ३.१ मधला या फाईलींचा संपादक सिसएडिट जुनी प्रत एसवायडी नावाने ठेवतो, तीही होती. एकूण सात. सगळ्यांत नवी मार्च १९९६ ची, आणि साउंड कार्ड मी त्यानंतर बसवलं होतं. म्हणजे सात प्रती हातात आणि हवी ती आठवी नाहीच.

मग अनडिलीट चालवून पाहिलं. डॉस फाईल पुसतं म्हणजे तिच्या नावाचं पहिलं अक्षर ई५ करतं आणि फॅटमधली, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या तक्त्यातली, तिची साखळी मोकळी करून टाकतं. आकार, तारीख, पहिला क्लस्टर (सेक्टरांचा गट, डॉस जागा याच मापाने देतं) हे सगळं नोंदीत तसंच राहतं. म्हणून अनडिलीट तुम्हाला ते पहिलं अक्षर विचारतं, आणि छोट्या फाईलीच्या बाबतीत बहुतेक वेळा जिंकतं. पण माझी फाईल पुसली गेलीच नव्हती. तिच्यावर लिहिलं गेलं होतं. नोंद तीच, नाव तेच, फक्त आकार, तारीख आणि जागा नव्या फाईलीची. अनडिलीटच्या दृष्टीने हरवलेलं असं काही नव्हतंच.

आता आशा एकाच गोष्टीवर होती. जुन्या फाईलीवर कॉपी करताना डॉस आधी जुनी जागा सोडून देतं आणि मग नव्या मजकुरासाठी मोकळी जागा शोधतं. हा शोध मागे वळून बघत नाही. शेवटची जागा जिथे दिली तिथून पुढे सरकत जातो. म्हणजे जुन्या फाईलीची जागा त्या शोधाच्या मागे पडली असेल, तर तिथला मजकूर अजून जसाच्या तसा असणार. नाव नाही, पत्ता नाही, पण मजकूर आहे.

डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरला लावली. अडॅप्टरने ती ओळखलीच नाही. अशा अडॅप्टरांना बहुधा एलबीए पत्ते, म्हणजे सेक्टरांचे सरळ ओळीने दिलेले क्रमांक, समजणारी डिस्क लागते, आणि माझी सिलिंडर-हेड-सेक्टरच्या जमान्यातली. शेवटी एका जुन्या पेन्टियममध्ये ती दुसरी डिस्क म्हणून लावली, लिनक्स उठवलं आणि डीडीरेस्क्यू या डिस्क उतरवून घेणाऱ्या साधनाने सगळ्या डिस्कची प्रतिमा एका फाईलीत उतरवून घेतली. चार सेक्टर वाचले गेले नाहीत. ते कुठले, हे त्याने आपल्या नकाशात टिपून ठेवलं. आता काय वाटेल ते करायला मोकळा. मूळ डिस्क पिशवीत गेली.

प्रतिमेत काय शोधायचं? फाईलीचं नाव शोधून उपयोग नव्हता, मजकूर शोधायला हवा. ऑटोएक्झेकमध्ये नक्की असणारी ओळ म्हणजे साउंड कार्डाची: ‘सेट ब्लास्टर’. लिनक्सच्या ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला पत्त्यासकट शोधायला लावलं. अकरा ठिकाणी सापडली. त्यातल्या चार कुठल्यातरी खेळांच्या रीडमी फाईलींत. दोन विंडोजच्या स्वॅप फाईलीत (मेमरी अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत), म्हणजे कधीतरी मेमरीतून तिथे सांडलेल्या. उरल्या पाच.

इथे एक युक्ती फार कामाला आली. फाईल नेहमी क्लस्टरच्या सुरुवातीला सुरू होते, आणि क्लस्टर सेक्टरच्या सुरुवातीला. त्यामुळे खऱ्या ऑटोएक्झेकचं पहिलं अक्षर ज्या पत्त्यावर आहे, त्याला ५१२ ने भागून बाकी शून्यच यायला हवी. मजकूर मध्येच कुठेतरी सुरू होत असेल, तर तो दुसऱ्या कशाच्या तरी पोटातला तुकडा. पाचपैकी तीन या कसोटीला उतरल्या. तीन वेगवेगळ्या वेळच्या ऑटोएक्झेक, नावाशिवाय, डिस्कवर विखुरलेल्या. प्रत्येक वेळी मी एडिटमधून जतन केलं तेव्हा डॉस नवी जागा घेत गेलं आणि जुनी तशीच टाकून गेलं. बॅकअप घेण्याचा कंटाळा असलेल्या माणसाला डॉसने स्वतःहून बॅकअप करून ठेवले होते.

शेवटची कुठली हे ठरवायला वेळ लागला नाही. एकीत ब्लास्टरच्या ओळीत ए२२० आय७ होतं, दोघींत ए२२० आय५. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे इंटरप्ट, कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार. सातव्या इंटरप्टवर बहुधा प्रिंटरचं पोर्ट असतं. एकदम आठवलं: छपाई चालू असताना खेळाचा आवाज अडकून एकच सूर रेकत राहायचा, म्हणून कार्डावरचा जंपर हलवून मी पाचवर गेलो होतो. म्हणजे आय७ आधीची. आय५ च्या दोघींपैकी एकीत क्लिपरची ओळ होती, दुसरीत नव्हती. प्रोग्राम नंतरचा, म्हणून ती शेवटची. फाईलीला तारीख नव्हती; चुकांचा क्रम वाचून तारीख लागली.

एक पेच मात्र चांगलाच गुंतागुंतीचा निघाला. नोंद गेल्यामुळे फाईल किती लांब हे कळायला मार्ग नव्हता. क्लस्टर ४०९६ बाइटचा आणि फाईल जेमतेम सहाशेची. फाईल संपल्यावर त्या सेक्टरमध्ये बफरमधला काहीबाही मजकूर येतो आणि क्लस्टरच्या उरलेल्या सेक्टरांत तिथे आधी जे होतं ते राहतं. माझ्या बाबतीत बफरमधलं काहीबाही म्हणजे याच फाईलीच्या आधीच्या आवृत्तीची शेपटी होती, त्यामुळे सगळ्याच ओळी खऱ्यासारख्या दिसत होत्या. एका ठिकाणी ओळ पूर्ण होते, तिच्या शेवटी १३ आणि १० हे दोन बाइट येतात, आणि त्यानंतर लगेच एक शब्द मध्यापासून सुरू होतो: ‘टड्राइव्ह.ईएक्सई’ अशी मुंडकं तुटलेली ओळ. डिस्कचं वाचन वेगवान करणाऱ्या स्मार्टड्राइव्हची ती शेपटी. तिथे कात्री चालवली. ६१२ बाइट.

कॉन्फिग.सिसने मात्र दगा दिला. तिची जागा शोधाच्या वाटेत आली आणि फ्लॉपीवरच्या एका मोठ्या फाईलीने ती व्यापली. ‘हायमेम’ (मेमरीचा ड्रायव्हर) शोधून दोन जुन्या आवृत्त्या मिळाल्या, शेवटची नाहीच. मग जुन्या दोन, ऑटोएक्झेक आणि तो मिरवायला काढलेला फोटो समोर ठेवून कोडं सोडवायला बसलो.

या दोन फाईली एकमेकींना ओळखतात, हे मला त्या संध्याकाळी नीट कळलं. सीडीचंच बघा. कॉन्फिग.सिसमध्ये ड्रायव्हर चढवताना ड्राइव्हला एक नाव द्यायचं आणि ऑटोएक्झेकमधल्या एमएससीडेक्सला, सीडीला ड्राइव्हचं अक्षर देणाऱ्या प्रोग्रामला, तेच नाव सांगायचं. अक्षराचा फरक पडला तरी सीडी सापडत नाही. जुन्या कॉन्फिगमध्ये नाव एमएससीडी०००, सापडलेल्या ऑटोएक्झेकमध्ये एमएससीडी००१. फोटोतही ००१. म्हणजे मधल्या काळात मी सीडी ड्राइव्ह बदलला होता आणि ड्रायव्हरही. डिस्कवर त्या ड्रायव्हरची फाईल होती. ओळ तयार झाली.

क्लिपरच्या ओळीनेही असंच बोट दाखवलं. ‘सेट क्लिपर’मध्ये एफ६० लिहिलं होतं, म्हणजे प्रोग्रामला साठ फाईली उघडायची मुभा. पण ही मुभा कॉन्फिग.सिसमधल्या फाइल्स या आकड्याच्या पलीकडे जात नाही. जुन्या कॉन्फिगमध्ये फाइल्स=३० होतं. शेवटच्या आवृत्तीत ते साठच्या पुढेच असणार, नाहीतर नोंदींचा प्रोग्राम मध्येच कोसळला असता. ८० लिहिलं.

मेमरीच्या ओळींचा क्रम बदलून चालत नाही. आधी हायमेम.सिस, मग ईएमएम३८६, आणि त्यानंतरच डिव्हाइसहाय, म्हणजे ड्रायव्हर वर चढवणाऱ्या ओळी. डॉस=हाय,यूएमबी ही ओळ तेवढी कुठेही चालते. हायमेमशिवाय ६४० केच्या वरचं जग उघडतच नाही, आणि ईएमएम३८६ शिवाय वरच्या मोकळ्या खोल्यांत ड्रायव्हर ठेवता येत नाहीत. डिव्हाइसहाय त्यांच्या आधी लिहिलं तर मशीन तक्रारही करत नाही. गुपचूप ड्रायव्हर खालीच ठेवतं आणि तुम्ही मेमरी कुठे गेली म्हणून शोधत बसता. मेममेकरने टाकलेले ‘/एल:१,’ आणि पुढचे पाच अंकी आकडे मी काढून टाकले. कुठला ड्रायव्हर वरच्या कुठल्या तुकड्यात ठेवायचा आणि त्याला किती जागा लागेल, याची ती मोजमापं. ड्रायव्हर बदलल्यावर ती निरुपयोगी. मेममेकर परत चालवला की नवी मिळतात.

दोन्ही फाईली पेन्टियमवर लिहून फ्लॉपीवर घेतल्या. ओळीच्या शेवटी लिनक्स एकच अक्षर ठेवतं आणि डॉसला दोन लागतात, ते बदलून घेतलं. मूळ डिस्क ४८६ मध्ये परत गेली. कमांड.कॉम डॉसच्या डिरेक्टरीतून मुळाशी आणलं, फ्लॉपीवरून आलेला पसारा एकेक नाव वाचून पुसला (या वेळी *.* ला हात लावला नाही), दोन फाईली ठेवल्या आणि पडद्यावर ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ आलं त्या क्षणी एफ८ दाबलं. एफ८ प्रत्येक ओळ दाखवून विचारतं: ही चालवू का? नव्याने जुळवलेल्या फाईलीसाठी याहून चांगली परीक्षा नाही. एफ५ दोन्ही फाईली पूर्ण ओलांडून जातं, ते अडकल्यावर वापरायचं.

हायमेम, होय. ईएमएम३८६, होय. सीडीच्या ड्रायव्हरला ड्राइव्ह सापडला. ऑटोएक्झेकमध्ये एमएससीडेक्स आणि त्यानंतर स्मार्टड्राइव्ह, याच क्रमाने, कारण नंतर चढलं तरच ते सीडीचंही वाचन कॅश करतं. तारीख आणि वेळ विचारणारे ते दोन प्रश्न आले नाहीत. ऑटोएक्झेक सापडली नाही की डॉस ते विचारतं. मेमरीचा हिशोब देणाऱ्या मेम /सी ने ५७८ के मोकळी दाखवली, मेममेकरनंतर ६०३. क्लिपरचा प्रोग्राम उघडला. पहिली नोंद कुणाला तरी दिलेल्या पुस्तकाची होती, आणि परत आल्याचा रकाना रिकामा.

एक ओळ उरली. दोन्ही जुन्या कॉन्फिगमध्ये ईएमएम३८६ च्या पुढे एक्स=डी०००-डी७एफएफ लिहिलेलं होतं आणि वरच्या ओळीत मीच रोमन अक्षरांत रेम (मशीन न वाचता सोडून देतं अशी टीप) टाकून बजावलं होतं: ‘हे काढू नको’. का, ते लिहिलं नव्हतं. एक्स म्हणजे मेमरीचा तेवढा पट्टा ईएमएम३८६ ने वापरू नये. सहसा एखादं कार्ड तो पट्टा स्वतःसाठी वापरत असेल तर असं करतात, नेटवर्क कार्डं बऱ्याचदा करायची. या मशीनमध्ये आता तसं कार्ड नाही. मागच्या पत्र्यावर एक रिकामी खाच मात्र आहे, आणि तिचं झाकण बाकीच्या झाकणांपेक्षा नवं दिसतं.

त्या ओळीतला एक्सचा भाग तेवढा काढून मशीन सुरू करून पाहिलं. सगळं नीट चाललं, वर ३२ के मेमरीही जास्त मिळाली. तरी ती ओळ परत होती तशी केली. फक्त माझ्या जुन्या रेमखाली आणखी एक रेम घातला: कार्ड बहुतेक काढलंय, खात्री नाही, आणि आजची तारीख.